आत्याच्या कोरड्या बोअरची ऊब

आमच्या घरात जमीन कसणारे पुष्कळ झाले, पुढे ती विकणारेही झाले. पण जमिनीच्या पोटात उष्णता किती आहे ते मोजून पगार घेणारी मी पहिली. हे मी अभिमानानेच सांगते, त्यात लाजायचं काय? घरातली पहिली ग्रॅज्युएटही मीच. भूशास्त्र घेतलं तेव्हा वडील म्हणाले होते, "जमीन इकून झाली, आता तिचं शास्त्र शिकतीस व्हय?" बोलले तसं, पण पदवीदानाच्या दिवशी फेटा बांधून सगळ्यांच्या आधी तेच दारात उभे होते.

आमचं गाव खराडी. जिथे आमची ज्वारी व्हायची तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एका इमारतीत माझं ऑफिस होतं. बाकी मजल्यांवर सगळी सॉफ्टवेअरवाली मंडळी, आमचा कोपरा तेवढा वेगळा. कोळसा हळूहळू कमी करायचा तर त्याच्या जागी काय काय येऊ शकतं, याचे अंदाज बांधायचं काम तेव्हा सगळीकडे चाललं होतं. सूर्य संध्याकाळी घरी जातो, वारा त्याच्या मर्जीने येतो. जमिनीखालची उष्णता मात्र रात्रंदिवस तिथेच असते. आपल्या देशात ती कुठे आहे, किती खोल आहे, कुठे तिच्यावर वीज होईल, कुठे नुसती फळं आणि मासळी वाळवता येईल आणि कुठे काहीच होणार नाही, असा एक अहवाल आम्हाला करायचा होता. भू-औष्णिक क्षमतेचा अंदाज, असं त्याचं भारदस्त नाव.

मी त्या कामाने झपाटून गेले होते. हिमालयातल्या दऱ्यांमधली उकळती कुंडं, कोकणातले गरम पाण्याचे झरे, कुठल्या कुठल्या खाणींच्या तळाशी घेतलेली तापमानं, जे मिळेल ते गोळा करून आम्ही देशाच्या नकाशावर रंग भरत होतो. उष्णता जास्त तिथे तांबडा, मध्यम तिथे नारिंगी, कमी तिथे पिवळा. घरी जेवतानासुद्धा मी त्याच गोष्टी सांगायची. आई म्हणायची, "घास तरी गीळ आधी."

आणि त्या रंगीत नकाशाच्या मधोमध आपला दख्खनचा काळा कातळ. त्यात पुण्याभोवतीचा भला मोठा तुकडा पांढराफटक.

"सर, इथे जमीन थंड आहे का?" मी विचारलं.

आमचे सर शनिवार पेठेतले. आयुष्य सरकारी नोकरीत खडक तपासण्यात गेलेलं, निवृत्तीनंतर आमचे प्रमुख म्हणून आलेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, पांढरं म्हणजे थंड नाही. पांढरं म्हणजे तिथे कोणी मोजलेलं नाही. आपल्या शहरात विद्वान इतके झाले की जमिनीत थर्मामीटर घालायला कुणाचा हात रिकामा नाही."

मला ते झोंबलं. ज्या जमिनीवर मी जन्मले, जिच्यावर आमचं ऑफिस उभं होतं, तीच नकाशावर कोरी!

मोजायची पद्धत तशी सोपी आहे. खोल भोक हवं. त्यात केबलला बांधून सेन्सर सोडायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबून तापमान घ्यायचं. खाली जावं तसं ते वाढतं. किती खोलीला किती वाढलं, ते कागदावर मांडलं की एक तिरकी रेषा मिळते. ती रेषा सरळ आली तर समजायचं की खालची उष्णता खडकातून शांतपणे वर येते आहे, आणि तिच्या उतारावरून आणखी खोल काय असेल याचा अंदाज करता येतो. अडचण एकच, नवं भोक पाडायची ऐपत आमच्या कामात नव्हती. आणि पाणी लागलेल्या बोअर आमच्या उपयोगाच्या नाहीत. त्यांत पाणी भेगांतून हिंडत असतं, वरून मोटर उपसत असते. उष्णता इकडची तिकडे होते आणि रेषा वेडीवाकडी येते.

बैठकीत सर हे सगळं सांगत होते आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मी जवळजवळ ओरडलेच, "सर, फेल गेलेल्या बोअर! कोरड्या! आपल्याकडे ढिगाने आहेत!"

"कुठे नोंद आहे त्यांची?"

"कुठेच नाही. कोणी सांगतच नाही ना."

हे मला माहीत होतं, कारण मी त्यांच्यातलीच. आमच्या गावांमध्ये बोअर घ्यायची म्हणजे सोहळा असतो. पानाड्या हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, बोअर पाडणाऱ्या गाडीची पूजा होते, पाणी लागलं की पेढे वाटतात. आणि नाही लागलं, तर गाडी निघून जाते आणि त्या भोकाचं नाव कोणी काढत नाही. त्यावर फरशी टाकतात, फरशीवर कपडे धुवायचा दगड ठेवतात. कोणी विचारलंच तर "हाय की पाणी, थोडं कमी हाय" एवढंच. कोरडी बोअर म्हणजे घराची नामुष्की. ज्याच्या दारात पाणी नाही त्याच्या घरी सोयरीक करायला लोक मागेपुढे बघतात.

सरांनी टेबलावर पेन्सिल दोनदा आपटली. "कल्पना चांगली आहे. पण कल्पनेचा रंग नकाशावर लावता येत नाही. पावसाळ्याआधी अहवाल बंद होईल. तोवर दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, विश्वास ठेवण्याजोग्या रेषा आणा. नाही आणल्यात, तर पुणे पांढरं जाईल आणि कोरड्या बोअरचा हा विषय आपण परत काढायचा नाही."

आणता येतीलच, असं मला वाटलं होतं!

केबलचं रीळ सांभाळायला माझ्याबरोबर एक सहकारी होता, विश्रांतवाडीचा, इंजिनिअर, बोलण्यात निम्मं इंग्रजी. आम्ही दोघं गाडीत रीळ टाकून महिनाभर हिंडलो. दारोदारी एकच उत्तर, आमच्या बोअरला पाणी आहे. एकाने खरं सांगितलं, तर त्याच्या बोअरमध्ये बांधकामाचा राडारोडा टाकलेला. सेन्सर दहा-पंधरा फुटांवरच अडला. शेवटी सिंहगड रोडजवळ एका शिक्षकांनी त्यांच्या प्लॉटमधली कोरडी बोअर दाखवली. आम्ही आनंदाने सेन्सर सोडला. पण कोरड्या भोकात हवा असते, आणि हवेत लोंबकळणाऱ्या सेन्सरला खडकाचं तापमान पटकन कळत नाही. आकडा स्थिर होईपर्यंत आमचा धीर सुटायचा, आणि झाला असं वाटेपर्यंत पुन्हा हलायचा.

कागद बघून सर म्हणाले, "ही रेषा आहे की रांगोळी?"

आता माझ्याकडे एकच जागा उरली होती, आणि तिथे जायचं मी टाळत होते. धायरीची माझी आत्या.

तिचे यजमान वारल्यापासून धायरीचं घर आत्याच चालवते. पुढे बंगला, मागे भाडेकरूंच्या खोल्या. भिंतीपलीकडे तिच्या चुलत दिरांचं घर. दोन्ही घरांत बोलणं आहे, जाणं-येणं आहे, आणि कुणाचं काय जास्त यावर बारीक लक्षही आहे. या दिरांना मी मामा म्हणते. त्यांच्या बोअरला पाणी लागलं त्याच वर्षी आत्याने गाडी बोलावली. पाणी लागेना. गाडीवाला म्हणाला, बाई, थांबू या. आत्या म्हणाली, हाण अजून. अख्ख्या धायरीत तेवढी खोल बोअर कोणी घेतली नसेल. आत धुरळ्याशिवाय काही निघालं नाही. आत्याने मग भिंतीला स्टार्टरची पेटी लावली, हिरवं बटण, लाल बटण, सगळं व्यवस्थित; फक्त वायर कुठेच जात नव्हती. सकाळी टँकरवाला मागच्या बाजूने टाकी भरून जायचा, आणि नंतर आत्या पुढच्या अंगणात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "चला, मोटर बंद करते बाई."

मला हे माहीत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. पण आमच्यात तो विषय कधी निघाला नव्हता.

मी गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी जमिनीला ताप हाय का ते बघायचं?"

"तसंच काहीसं."

"बघा की. पण आमच्या बोअरला पाणी हाय."

"आत्या."

"हाय म्हंते ना मी."

"बरं, आहे. मग राहू दे. पाणी असलेली बोअर आम्हाला कामाची नाही. शेजारच्या मामांची पण नाही."

थापणारा हात थांबला. "भावजींची कामाची न्हाई?"

"बिलकूल नाही. कोरडी लागते. आणि खोल लागते. जितकी खोल तितकी चांगली."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. आत्याने ती उलटली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब सोता येतील का गं?"

मी सरांना विनंती केली. तेही आले, पहिल्यांदाच. अंगणात सडा, फरशी काढून बोअरभोवती रांगोळी, बोअरच्या तोंडाशी वर आलेल्या केसिंगच्या पाइपला हळदकुंकू. आत्या ठेवणीतलं पातळ नेसून हातात नारळ घेऊन उभी. सहकाऱ्याने रीळ लावलं, सेन्सर सोडला, आणि क्षणात म्हणाला, "अरे, वॉटर!"

"काय?"

"पाणी आहे. एकदम वरच. फुल आहे!"

माझा विश्वास बसेना. मी आत्याकडे बघितलं, ती सरांकडे बघून हसत होती. सेन्सर खाली खाली जात राहिला आणि आकडे जवळपास तेच ते. वर जे तापमान, तेच खाली. रेषा तिरकी सोडाच, झोपलेली! मी कागदावर ठिपके मांडत राहिले.

सर हळू आवाजात म्हणाले, "आपण कोरडी म्हणाला होतात."

मी तोंड उघडणार तोच भिंतीवरून मामांचं डोकं वर आलं. "काय वहिनी, पाव्हणे का? पहाटं टँकर आलता, टाकीत पाइप घालायचा सोडून बोअरीतच घालून बसला त्यो. म्हटलं चुकला का काय गडी?"

भाडेकरणी दारात येऊन उभ्या होत्या. आत्याचा चेहरा इतका उतरला की मला माझं दुःख क्षणभर आठवलं नाही.

"आत्या, तू टँकर ओतलास बोअरमध्ये?"

"मग काय करू?" ती एकदम चिडून बोलली, डोळे भरलेले. "पुण्यातलं साहेब येणार, आन् त्यांना कोरडं भोक दाखवू? आपल्या घरातली पहिली शिकलेली पोरगी तू. लोक म्हणतील, एवढी शिकली आन् साहेबाला आणून दाखवलं काय, तर आत्याचं भोक! तुझी इज्जत ऱ्हायला नगं?"

सर दोन पावलं तिच्याकडे गेले. मग म्हणाले, "बाई, तीस वर्षं नोकरी केली. वेळेवर चहा कोणी दिला नाही. आणि आपण माझ्यासाठी अख्खी बोअर भरलीत." आणि चक्क हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवरा आता. रीळ गुंडाळा."

सहकारी केबल वर घेऊ लागला. मी केसिंगवर वाकून आत बघत उभी होते, खरं तर डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून. आत पाण्यात आभाळ दिसत होतं, हात घातला तर बोटं भिजतील इतकं वर. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

"आत्या, टँकर किती वाजता आला?"

"पहाटंच. उजाडायच्या आत."

"किती भरली होतीस?"

"काठोकाठ. वरनं सांडली तवा थांबला त्यो."

"सर, दुपार झाली," मी ओरडले. "पहाटेपासून पाणी उतरलंच नाही! इथे एक भेग नाही सर! म्हणून तर ही कोरडी होती! याच्यात बाहेरून पाणी येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही. हे पाणी हलणारच नाही!"

सरांनी चष्मा काढला.

"हे आज सकाळी ओतलेलं पाणी आहे म्हणून सगळीकडे टँकरचंच तापमान दाखवतंय. पण दोन-तीन आठवडे कोणी हात लावला नाही, तर प्रत्येक थराचं पाणी त्या त्या थराच्या खडकाइतकं ऊन होईल. आणि पाण्यात सेन्सरला खडक हवेपेक्षा कितीतरी लवकर कळतो. रांगोळी नाही सर, रेषा येईल! आपण स्वतःच हे करायला हवं होतं!"

सर वाकले, आत बघितलं, बोट बुडवून बघितलं. सहकाऱ्याला म्हणाले, "पातळीची खूण करा केसिंगवर." आत्याला म्हणाले, "बाई, आपण चूक केलीत ती फार वरच्या दर्जाची केलीत. आता तीन आठवडे यातून तांब्याभरसुद्धा पाणी काढायचं नाही. जमेल?"

"साहेब," आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, "माशी बसू देणार न्हाई."

बोलणं सोपं होतं. पण ते दिवस मे महिन्याचे. चारच दिवसांत धायरीत टँकरची टंचाई झाली. मी रोज संध्याकाळी फोन करायची. आत्या सांगायची, भाडेकरू येतात, म्हणतात मावशी, बोअर भरलेली दिसतेय, दोन बादल्या घेऊ का. ती नाही म्हणायची आणि स्वतःच्या टाकीतलं द्यायची. मग तिचीही टाकी आटली. तरी बोअरला हात नाही. अंगणात खुर्ची टाकून तिथेच भाजी निवडायची, तिथेच दुपारी डुलकी काढायची.

दुसऱ्या आठवड्यात मी खूण बघायला गेले होते, तेव्हा भिंतीवरून मामा म्हणाले, "वहिनी, एवढं पाणी हाय तर जरा मोटर चालवून दावा की. गल्ली तहानली हाय. का पेटीची वायर तुटली?"

भाडेकरणी हसल्या. मला वाटलं, संपलं आता. तिला डिवचलं की ती ऐकत नाही हे लहानपणापासून बघितलेलं. एक पंप भाड्याने आणून खेचलं असतं तिने सगळं पाणी, मामांना दाखवायला. माझी रेषा आणि नकाशावरचं पुणे त्या एका टोमण्यावर लटकलेलं होतं.

आत्या उठली. खुर्ची मागे सारली. भिंतीजवळ गेली आणि मोटर बंद करताना लावायची त्याच आवाजात म्हणाली, "कोरडी हाय आमची बोअर, भावजी! पैल्यापासनं कोरडी हाय! टँकरचं पाणी हाय त्यात. पण गाडी खाली किती गेली ती ध्यानात ठिवा. तुमची पाण्याची हाय ना, म्हणून तिचा काय उपेग न्हाई. इचारा हिला, ही शिकलीया त्यातलं."

मी मामांनी विचारायची वाट बघितली नाही. "खरं आहे मामा. तुमच्या बोअरचा आम्हाला काही उपयोग नाही."

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आत्या परत खुर्चीवर बसली आणि मेथी निवडू लागली. मला म्हणाली, "हां, बोलून टाकलं एकदाचं. तू बघ तुझी खूण." खूण जिथल्या तिथे होती.

ठरल्या दिवशी आम्ही तिघंही सकाळी लवकर धायरीला पोचलो. सर म्हणाले, "कॉम्प्युटर नंतर. आधी आलेख कागद आणि पेन्सिल." सहकारी खोली आणि तापमान मोठ्याने वाचत होता, मी ठिपके मांडत होते. पहिले काही ठिपके जरा हलले, उन्हाळ्याची झळ तेवढी खाली जाते. मग एक ठिपका. त्याच्या खाली पुढचा. मग पुढचा. मी पट्टी लावली आणि हात मागे घेतला, पट्टीवर विश्वास बसेना म्हणून. पुन्हा लावली. जणू कोणी आखून ठेवली होती आणि आम्ही नुसते वरून गिरवत होतो! हजारो वर्षांची उष्णता कातळातून शांतपणे वर येत होती आणि माझ्या पेन्सिलीखाली उमटत होती. सहकारी म्हणाला, "मॅडम, धिस इज इन्सेन." मी त्याला नीट मराठीत सांगितलं की गप्प बस आणि पुढचा आकडा वाच.

सरांनी कागद उन्हात धरला. "हं," म्हणाले. "ही रेषा." शनिवार पेठेत याहून मोठी शाबासकी देत नाहीत.

पण ही एकच होती, आणि दोन हव्या होत्या. शिक्षकांच्या बोअरमध्ये आम्ही आत्याच्या पद्धतीने पाणी ओतून बघितलं, तर त्या खडकाने ते दिवसभरात गिळून टाकलं. अहवाल बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. नव्या जागी पाणी भरून ते खडकाइतकं ऊन होईपर्यंत थांबायचं, तर आज-उद्या बोअर मिळायला हवी होती. मी पुन्हा दारोदारी फिरले. पुन्हा तीच उत्तरं.

आणि रविवारी सकाळी खराडीला आमच्या घरी मामा आले. आत्याचे शेजारचे मामा. एकटेच, न सांगता-सवरता. वडिलांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"पोरी, त्ये तुझं काम झालं का?"

"अर्धं झालं मामा. अजून एक जागा हवी होती."

"कोरडी."

"हो."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "आमची घरची बोअर पाण्याची हाय. त्ये काय खोटं न्हाई. पण त्याच्या आधी एक घेतलेली. तिकडं डोंगराच्या अंगाला, जुन्या गोठ्यात. दोन दिवस गाडी चालली. काय न्हाई लागलं. वर गव्हाण बांधली म्यां. वहिनीला ठावं न्हाई. कुणालाच ठावं न्हाई." मग माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, "खोलीला वहिनीच्या बोअरीला ऐकायची न्हाई ती."

मी उठून त्यांच्या पायाच पडले. वडील हसत म्हणाले, "आता रडू नगंस, आधी टँकर सांग."

त्याच दुपारी गव्हाण फोडली. पाणी भरलं, ते टिकलं. मामा स्वतः पहाऱ्याला बसले. आणि मग आत्याला कळलंच. ती डब्यातून पिठलं-भाकरी घेऊन त्या गोठ्यात गेली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "एवढी वर्सं लपवलीत व्हय वो भावजी?" मामा म्हणाले, "तुमची पेटी लाल-हिरवी, आमची गव्हाण दगडी. एवढाच फरक." मग दोघं किती तरी वेळ हसत होते असं मला तिच्याबरोबर गेलेल्या भाडेकरणींनी सांगितलं.

थांबायला दिवस कमी मिळाले, तरी रेषा आली. आत्याच्या रेषेइतकी चकचकीत नाही, पण सरळ, आणि उतार जवळपास तोच. धायरीच्या दोन टोकांचा कातळ एकच गोष्ट सांगत होता.

ती गोष्ट काय, तेही सांगते. आमच्या पायाखाली उकळतं काही नाही. वीज करण्याजोगी उष्णता गाठायची तर इतकं खोल जावं लागेल की आज ते कोणाला परवडणार नाही. सहकाऱ्याचं तोंड पडलं. "म्हणजे एवढं सगळं करून आन्सर नो?" मला मात्र नाचावंसं वाटत होतं. आदल्या दिवसापर्यंत आमच्याकडे उत्तरच नव्हतं! आता कोणी पुण्याजवळ जमिनीतून वीज काढायच्या गप्पा मारायला लागलं, तर त्याच्यापुढे ठेवायला दोन रेषा होत्या. आणि थोड्या खोलीवर बारा महिने न बदलणारं तापमान आहे, त्यावर इमारती उन्हाळ्यात गार ठेवता येतील का, हा पुढचा प्रश्न लगेच माझ्या जिभेवर तयार होता.

अहवाल छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला. कॉम्प्युटरवर रंग आधीच भरले होते, पण त्यांची पद्धत जुनी, एक प्रत हाताने रंगवायची. त्यांनी पिवळा खडू माझ्यासमोर ठेवला.

"भरा."

मी धायरीच्या जागी एक ठिपका भरला, मग त्याच्याभोवती थोडं. हात पुढे सरकायला लागला, पुणे शहरावर, खराडीवर, आमच्या घरावर. सगळं रंगवून टाकावंसं वाटत होतं. सर बघत होते.

"थांबलात का?"

"मोजलंय तेवढंच भरते, सर."

"आणि बाकीचं पांढरं?"

मी मोबाइल काढून दाखवला. मामांच्या गोठ्यातली बातमी धायरीभर झाली होती. दुपारपासून माणसांचे फोन येत होते, काही तर मला माहीतही नसलेल्या वाड्या-वस्त्यांवरून. बहुतेकांची सुरुवात सारखीच, जरा दबक्या आवाजात, आमच्याकडं बी एक हाय, फेल गेलेली. आणि जवळपास प्रत्येक जण शेवटी विचारत होता, धायरीच्या बाईंच्या बोअरपेक्षा खोल असली तर चालंल का.